दुसऱ्या खाटेचा कायदा

बद्रीनाथ खांडेभराड जालन्याला आले ते एका रात्रीपुरते. बियाणं कंपनीत फील्डवरची नोकरी लागली होती. आज कुठंतरी अंग टाकू, उद्या रुजू होऊ, मग भाड्याची खोली बघू, असा साधा बेत होता. जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत नवलकिशोर लॉज होता, तिथं त्यांनी एक खाट घेतली. भाड्याची खोली बघायला ते पुढं कधी गेलेच नाहीत. त्यांची मिशी त्या लॉजमध्ये काळी होती, तिथंच पांढरी झाली, आणि शेवटी कुणी विचारत नाही म्हणून त्यांनी ती काढून टाकली.

खाट घेतली असं म्हटलं ते मुद्दाम. त्या काळात लॉजमध्ये खोली कुणी घेत नसे. अख्खी खोली मागणारा माणूस एक तर नवरदेव असायचा, नाही तर फरार. बाकी सगळे खाट घेत. इमारत निजामाच्या अमलातली, बाहेरगावच्या कापूस व्यापाऱ्यांना उतरायला म्हणून बांधलेली. मधे फरसबंद चौक, भोवती खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दोन खाटा, दोन खुंट्या, एक कोनाडा. ह्या खोल्यांचा एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं तो सगळे पाळत. खोलीत माणूस एकटा असेल तर दुसरी खाट ही गल्लीतून येणाऱ्या पुढच्या माणसाची. पहिल्याला विचारायची पद्धत नव्हती, कळवायची होती. नवलकिशोर सेठ स्वतः दार वाजवून कळवत, "पार्टनर आले बरं का."

बद्रीनाथांना जगाची जी काही ओळख झाली ती ह्या दुसऱ्या खाटेवरून. तिच्यावर मोसंबीचे व्यापारी झोपले, सळयांचे दलाल झोपले, कोर्टाच्या तारखेला आलेले आणि घरून पिण्याचं पाणी घेऊन आलेले संशयी म्हातारे झोपले. एकदा तर स्वतःच्या लग्नातून निघून आलेला एक मुलगा मुंडावळ्या खिशात घालून झोपला. अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घेणं ही कला आहे आणि बद्रीनाथ तिच्यात तयार झाले. समोरचा शर्टाची गुंडी सोडत नाही तोवर त्याला कामधंदा विचारायचा नाही. दिवा मालवल्यावर तर काहीच विचारायचं नाही. तो आपणहून सांगतो. आणि सकाळी आपण ते ऐकलं होतं असं तोंडावर दाखवायचं नाही.

घर घनसावंगीला होतं. तिथं बायको कौसल्या, थोडी शेती आणि मुलगा आदिनाथ. शनिवारी संध्याकाळी बद्रीनाथ जीपने जात आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत येत. ते ओसरीवर आले की कौसल्या आत हाक मारून सांगायची, "पाव्हणे आले गं बाई, पाणी द्या कुणी." घरात दुसरं मोठं कुणी नसायचं, पाणी तीच आणायची. हा विनोद बरीच वर्षं चालला. मग कधीतरी त्यातलं हसू गेलं आणि नुसतं पाणी राहिलं.

निवृत्त झाल्यावर ते ट्रंक घेऊन घरी गेले. घर चांगलं चाललं होतं, हीच अडचण होती. ते जिथं बसत तिथं नेमकं काहीतरी वाळत घालायचं असे. ते ज्या वेळी अंघोळीला उठत ती वेळ दुसऱ्या कुणाची तरी असे. कौसल्याने महिनाभर पाहिलं आणि काही राग न धरता सांगितलं, "तुमी जालन्यालाच बरे दिसता." ट्रंक परत आली. नवलकिशोर सेठनी ती पाहिली, काय झालं ते विचारलं नाही, आणि बायकोसमोर, सुगनबाईंसमोर, म्हणाले, "आठ नंबर तुमचा, बद्रीभाऊ. तुम्ही आहात तोवर तुमचा." कागद झाला नाही. व्यापाऱ्याच्या जबानीला कागद मागणं म्हणजे तिच्यावर शंका घेणं. त्यानंतर कौसल्या गेली, पाठोपाठ सेठ गेले, आणि बद्रीनाथांकडे जगात आपलं म्हणून जे काही उरलं ते एवढं एकच वाक्य होतं.

सेठचा नातू श्रेयांस पुण्याला हॉटेलचं शिकून आला. गल्लीतल्यांना वाटलं लॉज पाडून मॉल उभा राहील. पण त्याने लॉज पाडला नाही. जो भाग पडायला आला होता तो तसाच दिसत राहावा म्हणून खर्च केला. भिंतीचा रंग उडालेला होता, तो नीट उडालेला दिसावा म्हणून इंदूरहून कारागीर आणले. खाटा जाऊन शिसवी पलंग आले. खाटांतली एक मात्र चौकात मांडून ठेवली, तिच्यावर बसू नये अशा पाटीसकट. 'आपल्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आपल्यावर' ही लॉजची जुनी पत्र्याची पाटी काचेत बसवून दर्शनी भिंतीवर लागली. पाहुणे तिच्याशेजारी फोटो काढून घेत. फोटोपुरत्या मौल्यवान वस्तू सोफ्यावर ठेवून देत. बाहेर इंग्रजीत बोर्ड लागला, 'बुटीक हॉटेल'. पहिल्या आठवड्यात दोन बायका ब्लाउजपीस घेऊन चौकशीला आल्या.

एक गोष्ट मात्र श्रेयांसला बदलता आली नाही. सुगनबाई सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत, आणि हॉटेलचं स्वयंपाकघर म्हणजे त्यांच्याच घराचं. दिवस मावळला की चूल बंद. नातवाने वाद घातला नाही. त्याने त्याला 'सूर्यास्त थाळी' असं नाव दिलं आणि दर वाढवला. ज्याला नंतर भूक लागेल त्याने बाहेर जाऊन जेवावं.

आठ नंबरचं काय करायचं हा प्रश्न निघालाच. सुगनबाई म्हणाल्या, "जबान दिलेली आहे." तेवढ्यावर तो मिटला. खोलीतली दुसरी खाट गेली, एक अरुंद पलंग आला, भिंतीवर निजामाच्या काळातल्या रेल्वेचा फोटो आला आणि बद्रीनाथ तसेच राहिले. पुढं एक चमत्कार झाला. पाहुणे आपला अनुभव फोनवर लिहितात, चांदण्या देतात; त्यात त्यांचा उल्लेख येऊ लागला. रिसेप्शनवरची रितिका वाचून दाखवायची. "ऐका काका. 'कढी अप्रतिम. व्हरांड्यातले आजोबा फार गोड. गरम पाणी मात्र सकाळी थांबून थांबून येतं.'"

"मी कढीच्या मागं आन् पाण्याच्या म्होरं," बद्रीनाथ म्हणाले. "बराबर हाय जागा."

खरं तर त्यांना बरं वाटलं होतं. दुपारच्या चहाला ते व्हरांड्यात बसू लागले. पाहुणे निजामाच्या गोष्टी मागत. बद्रीनाथ जन्मले तोवर निजाम जाऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळं ते खाटेवरच्या माणसांच्या गोष्टी सांगत. कधी कुणी ऐकायचं, कधी मधेच उठून फोन घ्यायचं. श्रेयांसने एकदा सुचवलं, "काका, डोक्याला रुमाल बांधला तर छान दिसेल." बद्रीनाथांनी जन्मात टेरिकॉटच्या बुशशर्टाखेरीज काही घातलं नव्हतं. त्यांनी रुमाल घेतला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि विषय संपवला.

लग्नसराईच्या दिवसांत ते घडलं. पुण्याहून हर्ष नावाचा एक तरुण आला होता. जुन्या इमारतींतल्या हॉटेलांत एकट्याने राहायचं आणि त्यावर लिहायचं हा त्याचा उद्योग. बरेच लोक ते वाचून आपला मुक्काम ठरवत म्हणे. तीन नंबरची दोन पलंगांची खोली त्याला दिली होती. दुपारी तो बद्रीनाथांजवळ बराच वेळ बसला. दुसऱ्या खाटेचा कायदा त्याने नीट विचारून घेतला, पार्टनर हा शब्द लिहून घेतला, आणि हळहळून म्हणाला, "किती सुंदर आहे हे, काका! माणसांचा माणसांवर विश्वास होता. आता हे राहिलंच नाही."

बद्रीनाथांना इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी श्रेयांस आजीला घेऊन संभाजीनगरला लग्नाला गेला होता. दिवे लागल्यावर रितिका पर्स घेऊन उभी राहिली. "काका, जरा बसता का इथं? आईला सलाइन लावलंय, बघून येते. कुणी आलं तर सांगा, फुल आहे."

"फुल हाय का?"

"खोल्या सगळ्या गेल्यात काका."

ती गेली आणि बद्रीनाथ गल्ल्यामागच्या खुर्चीत बसले. सेठ आजारी असताना ते तिथं कैकदा बसले होते. थोड्या वेळात दारातून एक माणूस आत डोकावला. पन्नाशीचा, खांद्याला पिशवी, डोक्याची टोपी हातात.

"लॉज हाय ना हा?"

"हाय," बद्रीनाथ म्हणाले. हे इतक्या सहज तोंडून गेलं की त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"एक खाट पायजे व्हती. घरची दवाखान्यात हाय, आयसीयूत. आत थांबू देत न्हाईत. पायरीवर बसलो व्हतो, तर वॉचमननं उठवलं."

"गाव?"

"कुंभार पिंपळगाव. शिवाजी म्हणत्यात मला."

"मी घनसावंगीचा."

"मंग शेजारचेच की."

बद्रीनाथ विचारात पडले. खोल्या गेल्या होत्या हे खरं, पण खाटांबद्दल रितिका काही बोलली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या खोलीत खाली अंथरूण टाकता आलं असतं. ते मनात आलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. आपल्या खोलीत नेणं म्हणजे उपकार झाला. पायरीवरून उठवलेल्या माणसाने दिवसभर डॉक्टरचे, नर्सचे, वॉचमनचे उपकारच घेतलेले असतात. खाट म्हणजे व्यवहार. व्यवहारात माणूस ताठ झोपतो. आणि तीन नंबरमध्ये एक माणूस एकटा होता, तो जेवायला बाहेर गेला होता, आणि त्याला कायदा माहीत होता. नुसता माहीत नव्हता, पसंत होता.

त्यांनी लॉजच्या वेळचं जुनं भाडं सांगितलं. शिवाजीने ते गल्ल्यावर ठेवलं, बद्रीनाथांनी खणात टाकलं. वरच्या मजल्यावरचं तीन नंबर उघडून भिंतीकडचा पलंग दाखवला.

"पार्टनर जेवायला गेलेत. पुण्याचे हायेत, शिकलेले. घोरता का तुमी?"

"न्हाई."

"मंग काही अडचण न्हाई."

शिवाजी पलंगाच्या अगदी काठावर टेकला. गादीवरची पांढरी चादर त्याने आधी घडी करून उशाला ठेवली, घाण होऊ नये म्हणून, आणि स्वतःचं पांघरूण काढलं.

हर्ष जेवून आला, तसाच वर गेला आणि लगेच खाली आला. तेवढ्यात रितिकाही परत आली होती.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या खोलीत कुणीतरी झोपलंय."

"हो. पार्टनर आले."

रितिकाने तोंडावर हात ठेवला.

"सज्जन हायेत," बद्रीनाथांनी खुलासा केला. "कुंभार पिंपळगावचे. घोरत न्हाईत, मी विचारून घेतलंय."

हर्ष ओरडला असता तर बरं झालं असतं. शिकलेला माणूस रागावला की ओरडत नाही. तो शांत होतो आणि फोन काढतो. श्रेयांसला लग्नाच्या पंगतीतून उठून फोन घ्यावा लागला. दुसऱ्या बाजूचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण हर्ष मधेमधे म्हणत होता, "मला समजतंय. पण माझा लॅपटॉप आत आहे," आणि "नाही, मी पोलिसांना बोलावत नाहीये, पण बोलावू शकलो असतो."

एवढ्यात शिवाजीच पिशवी घेऊन खाली आला. त्याने कुणीही न विचारता सगळ्यांना हात जोडले. "साहेब, चुकलं. मला वाटलं लॉज हाय." मग बद्रीनाथांजवळ येऊन म्हणाला, "माझ्यापायी तुमाला बोल लागला."

"आठ नंबरात चला. माझी खोली हाय."

"न्हाई," शिवाजी म्हणाला. "आता कुठं झोप लागती."

तो दाराबाहेर पडला. खणातल्या पैशांची आठवण त्या वेळी कुणालाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षचा अनुभव प्रसिद्ध झाला. रितिकाने तो वाचायला नको म्हटलं, मग वाचला. त्याने कुणाला नावं ठेवली नव्हती, तरी वाचवत नव्हतं. इमारत सुंदर, माणसं प्रेमळ, पण सुरक्षितता शून्य. एकट्या प्रवाशाने दोनदा विचार करावा. चांदणी एक. दोन दिवसांत तीन बुकिंगं गेली, त्यांतलं एक अख्ख्या वऱ्हाडाचं.

श्रेयांस रागावला नाही. तो आठ नंबरमध्ये येऊन पलंगावर बसला.

"काका, तो चोर असता तर?"

"मी गाव विचारून घेतलं व्हतं."

"गाव?" श्रेयांसने डोळे चोळले. "मी बँकेचं कर्ज काढलंय काका ह्याच्यावर. मला लोकांना सांगावं लागतं की असं परत होणार नाही. सांगू का तसं? होणार नाही ना?"

बद्रीनाथ खोटं बोलू शकले असते. त्यांनी खरोखर विचार केला. परत तसाच माणूस पायरीवरून उठून आला आणि परत एक पलंग रिकामा असला, तर? "रितिकाची काही चूक न्हाई," ते म्हणाले. "तिला काही बोलू नको."

हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि श्रेयांसला ते समजलं.

संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर आणि सूर्य मावळण्याआधी, सुगनबाईंनी त्यांना बोलावलं. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. बद्रीनाथ नेहमीप्रमाणे समोरच्या पाटावर बसले.

"बद्रीभाऊ, सेठजींनी जबान दिली होती. ती मी मोडणार नाही. बिलकुल नाही मोडणार."

"हो भाभीजी."

"पोरगा म्हणतो, आजी, तू सांग. मी काय सांगू? जबान मोडली तर वर जाऊन सेठजींना काय तोंड दाखवू? आणि नाही मोडली तर ह्या पोराला काय तोंड दाखवू?" त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मी करीन."

दिलेला शब्द न मोडता परत घेण्याची एकच रीत असते. ज्याला दिला त्याने तो आपल्या हाताने आणून द्यायचा. बद्रीनाथांना ती रीत आत्ता, पाटावर बसल्या बसल्या, समजली. सुगनबाईंना ती आधीपासून माहीत होती. सहा पिढ्यांचा व्यापार उगाच टिकत नाही.

"आदिनाथ बोलावून राह्यला कधीचा," ते म्हणाले. "जाईन म्हणतो."

"असं कसं! एवढ्यात?"

"वय झालं भाभीजी. आपली माणसं जवळ पायजेत."

सुगनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खोटं नव्हतं. पण ते पुसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "खाकरे बांधून देऊ का? प्रवासाला बरे असतात." घनसावंगी तासा-दीडतासावर आहे.

जाण्याआधी बद्रीनाथ खणातले पैसे घेऊन दवाखान्यात गेले. आयसीयूच्या बाहेरच्या बाईने विचारलं, पेशंटचं नाव काय? त्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याचं आडनाव? तेही नाही. "कुंभार पिंपळगाव," ते म्हणाले. बाई म्हणाली, इथं गावावरून सापडत नाही काही. मग जरा मऊ होऊन तिने सांगितलं, की परवा पहाटे एक बाई गेली, तिकडचीच कुठली तरी होती बहुतेक. पण दुसरी एक सुटी होऊन घरीही गेली. ह्या दोघींतली शिवाजीची कोणती, ते विचारायला तिथं कुणी नव्हतं. बद्रीनाथ पायऱ्यांवर जाऊन थोडा वेळ बसले. वॉचमनने त्यांनाही उठवलं.

घनसावंगीत आदिनाथने ट्रंक उतरवून घेतली. त्याचं खताचं दुकान आहे, सून साधना शाळेत शिकवते. दोघंही भली माणसं. त्यांनी पुढची खोली दिली, नवी चादर घातली, पाणी तांब्या-भांड्यातून दिलं आणि चहा बशीसकट. साधना रोज विचारायची, "बाबा, भाजी कोणती करू?" घरच्या माणसाला कुणी हे विचारत नाही. शेजारी भेटायला आले की म्हणत, "मंग, किती दिवस मुक्काम?"

एका दुपारी आदिनाथ फोन घेऊन कौतुकाने आला. "बाबा, हे पाहा." हॉटेलने आठ नंबर नव्याने सजवला होता. आता तिथं जुन्या धाटणीच्या दोन खाटा होत्या, भिंतीवर बद्रीनाथांचा व्हरांड्यातला फोटो होता, आणि उशाशी एक छापील कार्ड, त्यावर दुसऱ्या खाटेचा कायदा दोन भाषांत. खाली लिहिलं होतं, की ही खोली जोडप्यांसाठी आहे.

"नाव झालं तुमचं," आदिनाथ म्हणाला.

"चांगलं केलं," बद्रीनाथ म्हणाले. त्यांना चष्मा लावल्याशिवाय कार्डावरचं वाचता आलं नव्हतं, आणि चष्मा लावायला ते उठले नाहीत.

सोमवारी साधना अंगणात सडा टाकायला बाहेर आली, तेव्हा सासरे ओसरीवर अंघोळ करून, बुशशर्ट घालून, केस विंचरून बसले होते. पायांत बूट.

"बाबा, कुठं निघालात इतक्या सकाळी?"

"कुठं न्हाई."

"मग बूट का घातलेत?"

बद्रीनाथांनी पायांकडे पाहिलं. सोमवार होता, म्हणून घातले होते. ते खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट काढले, आणि जोड हातात घेऊन उभे राहिले. ह्या घरात बूट कुठं ठेवतात ते त्यांना माहीत नव्हतं. साधना बादली भरत होती. तिचं काम होईस्तोवर थांबावं आणि मग विचारावं, असं त्यांनी ठरवलं.